बाळू पालवणकर आणि सरकारी पैशाचे मैदान

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात आपल्या समाजाची संख्या काही थोडीथोडकी नाही. सुभाष टेकडीपासून बुवापाड्यापर्यंत आणि पुढे बदलापूरच्या सोनिवलीपर्यंत निळे झेंडे दिसतात, विहारे दिसतात, जयंतीच्या कमानी दिसतात. दिसत नाही ते मैदान. पोरे खेळतात गल्लीत, नाल्याच्या कडेला, नाहीतर बिल्डरने अजून पाया खणलेला नाही अशा एखाद्या मोकळ्या प्लॉटवर. पाया खणला की खेळ संपला. पालिकेच्या अंदाजपत्रकात क्रीडा नावाचे शीर्ष दर वर्षी असते, त्यापुढे रक्कमही असते. ती कुठल्या प्रभागात जाते हे विचारण्याची सवय मात्र आपल्याला नाही. आपण गटार मागतो, पेव्हर ब्लॉक मागतो, समाजमंदिर मागतो, प्रवेशद्वार मागतो. मैदान मागत नाही. खेळ ही पोट भरलेल्यांची चैन आहे, असे आपल्याही गळी उतरवण्यात आले आहे.

हा समज किती खोटा आहे ते बाळू पालवणकर यांच्या आयुष्यात दिसते. क्रिकेटचा इतिहास सांगणारे रणजितसिंहांपासून सुरुवात करतात आणि सी. के. नायडूंवर येतात. मधला हा माणूस गाळून टाकतात. आपल्या चळवळीतही त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही, त्याला वेगळे कारण आहे आणि त्यावर मी पुढे येणारच आहे.

बाळू बाबाजी पालवणकर यांचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. घराणे मूळचे कोकणातले, पालवण गावचे. चर्मकार समाजातले हे कुटुंब लष्करी चाकरीच्या आधाराने गाव सोडून बाहेर पडले. लष्कराने आपल्या अनेक पिढ्यांना गावगाड्यातून सोडवले, बाबासाहेबांचे घराणे त्याचेच उदाहरण आहे. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत ज्यांच्या वडिलांनी आणि आज्यांनी हयात घालवली त्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पुण्यात बाळू आणि त्यांचे भाऊ गोऱ्या सैनिकांनी टाकून दिलेल्या साहित्यावर क्रिकेट शिकले. शाळा थोडक्यात आटोपली आणि पोटासाठी काम शोधावे लागले.

पहिले काम मिळाले पारशांच्या क्लबात. खेळपट्टी झाडायची, रोलर ओढायचा, पाणी मारायचे. पगार महिना तीन रुपये. मधून सभासदांना सरावासाठी चेंडू टाकायचे. १८९२ च्या सुमारास ते इंग्रजांच्या पूना क्लबात गेले, पगार चार रुपये झाला. जाळी बांधणे, खेळपट्टी आखणे, रोलर फिरवणे ही कामे तीच. भारताचा पहिला मोठा फिरकी गोलंदाज मैदानावर आला तो खेळाडू म्हणून नव्हे, झाडूवाला म्हणून, ही गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. ट्रॉस नावाच्या एका गोऱ्याने त्यांना जाळीत गोलंदाजी करायला उत्तेजन दिले, असे सांगतात. मग कॅप्टन ग्रेग हा त्या काळचा नामांकित फलंदाज रोज इतरांच्या तासभर आधी येऊन बाळूंच्या चेंडूंवर सराव करू लागला. आपल्याला बाद केले की ग्रेग आठ आणे बक्षीस द्यायचा, अशीही आख्यायिका आहे. आठ आण्याचे खरेखोटे काहीही असो, हजारो चेंडू टाकून त्या डावखुऱ्या मनगटात जे आले ते खरे होते. पण त्या सगळ्या वर्षांत पूना क्लबात कुणी त्यांच्या हातात बॅट दिली नाही. फलंदाजी साहेबाची, गोलंदाजी मजुराची. श्रमविभागणीच्या नावाखाली श्रमिकांची विभागणी कशी होते हे समजावून घ्यायला मोठा ग्रंथ चाळायला नको, पूना क्लबाची जाळी पुरेशी आहे.

इंग्रज ज्याच्या चेंडूवर सराव करतात तो हिंदूंच्या संघात का नाही, असा प्रश्न पुण्यात निघाला. सवर्णांची मोठी अडचण झाली. गोऱ्यांना हरवायचे तर हा माणूस पाहिजे, आणि हा माणूस घेतला तर विटाळ होतो. अखेर जिंकण्याची हाव विटाळावर मात करून गेली, पण अर्धीच. मैदानात बाळूंनी टाकलेला चेंडू सवर्ण यष्टिरक्षक हातात धरत होता, कारण चेंडू धरल्याशिवाय गडी बाद होत नाही. चहाच्या वेळी मात्र बाळूंना तंबूबाहेर, मातीच्या टाकाऊ भांड्यात चहा मिळायचा. तोंड धुवायला पाणी द्यायचे ते त्यांच्यासारख्याच एखाद्या अस्पृश्य नोकराने. जेवणाचे ताट वेगळे, बसायची जागा वेगळी. चेंडूला विटाळ नाही आणि कपाला आहे, हे शास्त्र कुठल्या स्मृतीत लिहिले आहे ते पुण्याच्या शास्त्रीमंडळींनाच ठाऊक. गोऱ्यांच्या संघांना बाळूंनी धूळ चारली तेव्हा त्याच पुण्यात त्यांच्या गळ्यात हार पडले.

१८९६ मध्ये प्लेगने पुणे रिकामे केले आणि पालवणकर कुटुंब मुंबईला आले. बाळूंना बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. मुंबईच्या समुद्रकाठावरचे हे जिमखाने आजही मरीन ड्राइव्हला ओळीने उभे आहेत. पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना. ही जमीन कुणा शेटजीने बाजारभावाने विकत घेतलेली नव्हती. १८८७ पासूनच्या काही वर्षांत मुंबई सरकारने ती त्या त्या जमातीच्या क्लबांना नाममात्र भाड्याने दिली. म्हणजे खेळासाठी सरकारी मदत ही कल्पना आजची नाही. सव्वाशे वर्षांपूर्वीच सरकारने शहराची मोलाची जमीन खेळासाठी मोकळी केली होती. ती वाटली मात्र धर्माधर्मात, आणि धर्माच्या आत जो वरच्या जागी बसला होता त्याच्या ताब्यात. मुंबईत गिरण्या, गोदी, रेल्वे आणि सफाई खाते ज्यांच्या घामावर चालत होते त्या अस्पृश्यांसाठी समुद्रकाठी एक गुंठाही निघाला नाही. बाळूंना खेळायचे तर ते हिंदू जिमखान्याच्या मर्जीनेच खेळावे लागणार होते, आणि हा मर्जीचा धागा त्यांच्या आयुष्यात शेवटपर्यंत सुटला नाही.

१९०६ साली मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंनी तो १०९ धावांनी जिंकला. बाळूंनी दोन्ही डावांत मिळून आठ गडी बाद केले आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम फलंदाजीत चमकला. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरवल्याचा देशभर आनंद झाला. वर्तमानपत्रांतून लेख आले, अस्पृश्य भावांना बरोबर घेतल्याबद्दल हिंदू जिमखान्याची पाठ थोपटली गेली. पाठ थोपटली गेली ती घेणाऱ्याची.

१९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. महाराजांचा बराच वेळ मेजवान्यांत गेला. संघ २३ पैकी १५ सामने हरला. त्या पडझडीत ३५ वर्षांच्या बाळूंनी दुखऱ्या खांद्याने ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. तेथील कौंट्यांनी त्यांना आपल्याकडे खेळण्याबद्दल विचारल्याचेही सांगितले जाते. ते परत आले तेव्हा मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्काराचे मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या एका विशीतल्या तरुणाने लिहिले होते, असे इतिहासकारांनी नोंदवले आहे. त्या तरुणाचे नाव भीमराव आंबेडकर. आपल्यातला एक माणूस साहेबाच्या देशात जाऊन साहेबाला बाद करून येतो, याचा त्या पिढीवर काय परिणाम झाला असेल याची कल्पना करा. तेव्हा आमदार नव्हते, सनदी अधिकारी नव्हते, प्राध्यापक नव्हते. एक क्रिकेटपटू होता.

पालवणकर चार भाऊ. बाळू, शिवराम, गणपत, विठ्ठल. चौघेही हिंदूंच्या संघातून खेळले. गणपत १९२० मध्ये तरुणपणीच गेले. चौरंगी सामन्यांच्या त्या वर्षांत बाळूंइतका अनुभवी खेळाडू हिंदूंकडे दुसरा नव्हता. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी आणि सरासरी १५.२१, ही त्यांची जमा. पण कप्तान कोण, हा प्रश्न आला की दर वर्षी दुसरे नाव निघायचे. १९२० मध्ये स्फोट झाला. कप्तानपद एम. डी. पै यांना देण्यात आले आणि बाळूंना संघातूनच वगळले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी संघाबाहेर पडून जाहीर पत्रक काढले आणि हा निर्णय खेळावर नव्हे, जातीवर झाला असल्याचे उघडपणे सांगितले. खेळाच्या मैदानावरचा हा सत्याग्रह महाडच्या सात वर्षे आधीचा आहे. मुंबईत लोकमत पेटले. निवड समितीला मागे यावे लागले. अंतिम सामन्यासाठी भाऊ परतले, बाळूंना उपकप्तान करण्यात आले आणि पै काही काळ मैदानाबाहेर गेले तेवढ्या वेळापुरते बाळूंनी नेतृत्व केले. तेवढेच. कप्तानपदाचा मान घरात आला तो १९२३ मध्ये, धाकट्या विठ्ठलकडे, आणि विठ्ठलने त्याच वर्षी युरोपियनांना हरवून तो सार्थ केला. विठ्ठलरावांनी पुढे माझे क्रीडाजीवन या नावाने आत्मकथन लिहिले. आपल्या वाचनालयांनी ते मिळवून नव्या पिढीच्या हाती द्यावे असे आहे.

आता तो अवघड भाग. निवृत्तीनंतर बाळू राजकारणात आले आणि आले ते बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूने. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर ते एम. सी. राजा यांच्याबरोबर संयुक्त मतदारसंघाच्या बाजूला होते. पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३३ मध्ये ते हिंदू महासभेच्या तिकिटावर मुंबई महापालिकेसाठी उभे राहिले आणि पडले. येवल्याची धर्मांतराची घोषणा त्यांना पटली नाही. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने मुंबईच्या राखीव जागेवर त्यांना थेट बाबासाहेबांसमोर उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. फरक दोन हजारांचा. काँग्रेसने अस्पृश्यांचा सर्वात लोकप्रिय खेळाडू अस्पृश्यांच्या नेत्यावर सोडला, ही चाल आजही ओळखीची वाटेल. नाव बदलते, तिकीट देणारा हात तोच असतो.

म्हणून त्यांना विसरायचे का? माझ्या मते नाही. त्यांच्या राजकारणाचे समर्थन करण्याचे कारण नाही, पण ते कुठून आले हे समजून घेतले पाहिजे. ज्याचे मैदान परक्याचे, ज्याची नोकरी परक्याची, ज्याचे संघातले स्थान परक्याच्या मर्जीवर, त्याला चाळीस वर्षांत एकच धडा मिळाला होता. चांगले खेळलो की हळूहळू दार उघडते, भांडलो की वगळले जाते. सवर्ण सुधारतील ही आशा बाळूंना मैदानाने दिली होती, कारण मैदानावर ते थोडे सुधारलेले दिसले होते. बाबासाहेबांनी मर्जीचा हा व्यवहारच नाकारला. त्यांनी हक्क मागितला. दोघांतला फरक स्वभावाचा नव्हता, पायाखालच्या जमिनीचा होता. समुद्रकाठच्या त्या सरकारी जमिनीत अस्पृश्यांचा स्वतःचा एक जिमखाना असता, तर बाळूंचे राजकारण कुठल्या दिशेने गेले असते, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

सार्वजनिक पैशाचा मुद्दा तोपर्यंत कायद्यात शिरला होता. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला. सरकारी पैशातून बांधलेली किंवा चालवली जाणारी पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुली असावीत, असा त्याचा आशय. महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार तळे खुले केले आणि १९२७ चा सत्याग्रह त्या हक्काची अंमलबजावणी म्हणून झाला. हेच सूत्र संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये आले. विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांच्याबरोबर, ज्यावर पूर्णतः किंवा अंशतः राज्याचा पैसा खर्च होतो अशा सार्वजनिक वापराच्या जागांवर जातीच्या कारणाने कुणालाही अडवता येत नाही. अंशतः हा शब्द वकिलांनीच नव्हे, कार्यकर्त्यांनीही पाठ करून ठेवावा. पालिकेचा एक रुपया लागला तरी जागा सार्वजनिक होते. अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने याच हक्काला शिक्षेचे बळ दिले. तो कायदा १ जून १९५५ रोजी अमलात आला. बाळू पालवणकर ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले. ज्यांना आयुष्यभर तंबूबाहेर चहा मिळाला, त्यांना तंबूचे दार कायद्याने उघडलेले पाहायला जेमतेम महिनाभर मिळाला.

आज उल्हासनगरच्या गोल मैदानावर कुणी जात विचारून हाकलत नाही. आता अडवणूक निराळ्या रीतीने होते. खेळाच्या सरकारी योजना आहेत. क्रीडांगण विकास, व्यायामशाळा विकास, तालुका क्रीडा संकुल. पैसाही येतो. पण अनुदान जमिनीच्या मागे चालते. जागा संस्थेच्या नावावर हवी किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने हवी. ज्या शिक्षणसंस्थेकडे आधीच दोन एकर आहेत तिला व्यायामशाळेचे साहित्य मिळते, आणि ज्या वस्तीतल्या घरांचेच सातबारे नाहीत तिथल्या तरुण मंडळाचा अर्ज पहिल्याच टेबलावर परत येतो. मी स्वतः अशा एका मंडळाची फाईल घेऊन एका कार्यालयात गेलो आहे. घटना, नोंदणी, हिशेब, सगळे होते. नव्हता तो जागेचा कागद. साहेबांनी आदराने चहा पाजला आणि फाईल परत दिली. चहा कपात होता, एवढी प्रगती मान्य केली पाहिजे.

जागा नाहीच, असे मात्र कुणी सांगू नये. उल्हासनगर हे लष्कराच्या छावणीवर वसलेले गाव, ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते त्याचे नामकरण झाले. जमीन सरकारचीच होती. पुढे अनधिकृत बांधकामांनी ती गिळली. उच्च न्यायालयाने इमारती पाडण्याचे आदेश दिले तेव्हा इमारती वाचवण्यासाठी २००६ साली या एका शहरासाठी स्वतंत्र कायदा झाला. घरे वाचली याचे दुःख नाही, त्यात गरिबांचीही होती. पण मैदाने वाचवण्यासाठी तसा एकही कायदा झाला नाही. अंबरनाथ आणि बदलापुरात वाढ नंतर आली, टॉवर झपाट्याने उभे राहिले. विकास आराखड्यात खेळाच्या मैदानाचे आरक्षण हिरव्या रंगात दिसते. प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली दहा वर्षांत जागा संपादित झाली नाही तर मालक नोटीस देतो, आणि नोटिशीची मुदत पालिकेने झोपेत काढली की आरक्षण आपोआप रद्द होते. मैदान कुणी चोरत नाही, ते कायदेशीरपणे कालबाह्य होते. जी उरतात त्यांतली काही ठेक्याने जातात. हिरवा गालिचा अंथरलेले टर्फ, तासाला भाडे. पैसे नसलेला पोरगा जाळीच्या बाहेर उभा राहून चेंडू परत फेकतो. बाळू निदान जाळीच्या आत होते.

दलित वस्तीच्या नावाने येणारा पैसा आहे, पालिकेच्या उत्पन्नातला दुर्बल घटकांचा पाच टक्के वाटा आहे. तो प्रामुख्याने सिमेंटमध्ये जिरतो, कारण सिमेंटमध्ये टक्केवारी सोपी असते आणि मैदान सपाट करण्यात फार काही सुटत नाही. अंबरनाथ, बदलापूर २०२० पासून आणि उल्हासनगर २०२२ पासून कित्येक वर्षे प्रशासकांच्या हाती होते. त्या काळातली अंदाजपत्रके एकाही निवडून आलेल्या सभासदाने वाचली नाहीत. बाराव्या अनुसूचीत बाग आणि खेळाची मैदाने ही शहरी संस्थांची कामे म्हणून नोंदलेली आहेत, ती या वर्षांत कितपत झाली याचा हिशेब बाकी आहे.

तो हिशेब मागायला मोर्चा लागत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज पुरतो. विकास आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी राखीव असलेले भूखंड सर्व्हे नंबरसह कोणते, ताबा कुणाकडे, कलम १२७ च्या किती नोटिसा आल्या आणि त्यांवर काय कारवाई झाली, गेल्या पाच वर्षांत क्रीडा शीर्षाखालचा खर्च प्रभागवार किती, ठेक्याने दिलेल्या मैदानांचे करारनामे कुठे आहेत. एवढेच विचारा. विहारातल्या रविवारच्या वंदनेनंतर दोन पोरांनी बसून लिहिला तरी तासाभरात अर्ज तयार होतो. पुढचे अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडले जाईल, त्याआधी उत्तर हातात असले पाहिजे. कोर्ट फी स्टॅम्प दहा रुपयांचा लागतो. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही लागत नाही.